बॅलिनादूरचे खैरनार

मे महिना लागला की दोहातल्या मराठी घरांत एकच विषय असतो. सुट्टीत कुठं? बाहेर उन्हानं डांबर मऊ झालेलं असतं आणि आत एसीच्या गारव्यात माणसं चहाचे कप हातात धरून तिकिटांच्या गोष्टी करत असतात. कुणी नाशिकला जाणार असतं, कुणी पुण्याला, कुणी एका आठवड्यात अख्खा युरोप 'करून' येणार असतं. खैरनार सरांना विचारलं की ते दरवर्षी एकच उत्तर द्यायचे.

"बॅलिनादूर."

"हे कुठं आलं सर?"

"आयर्लंडमध्ये. पश्चिमेच्या टोकाला. त्याच्या पुढं थेट अमेरिका."

"काय आहे तिथं बघायला?"

"काही नाही," सर म्हणायचे. ताजमहालाबद्दल बोलावं तशा अभिमानानं म्हणायचे.

मी दोहाला आलो तेव्हा उत्तरेकडच्या एका गॅस प्लांटवर त्यांच्या हाताखाली लागलो. आमचं काम पाइप तपासण्याचं. कुठं गंज धरलाय, कुठं भिंत पातळ झालीय, ते बघायचं. सर सटाण्याजवळच्या एका खेड्यातले. उंच, आडव्या बांध्याचे, मिशा पांढऱ्या, आणि हेल्मेट काढलं की लगेच हातात एक मोठी काळी छत्री. दोहात छत्री घेऊन चालणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. "ऊन काय पाऊस काय, वरून पडतं ते अडवायचं," असा त्यांचा हिशेब.

प्लांटवर दिवसभर सगळीकडून 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चला, उरका', चालू असायचं. सर मात्र पाइपापाशी गुडघ्यावर बसून म्हणायचे, "सावकाश." हा शब्द त्यांनी इतक्या वेळा म्हटला होता की मचाणावरची नेपाळी पोरं तो शिकली होती. मी घाईघाईनं शिडी चढायला लागलो की वरून आवाज यायचा, "सावकाश सर, सावकाश!"

बॅलिनादूरची गोष्ट मी त्यांच्या अल अझीझियातल्या फ्लॅटमध्ये ऐकली. ती सर सांगायचे आणि मालतीवहिनी दुरुस्त करायच्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. वहिनी बुटक्या, गोऱ्या, हसल्या की डोळे मिटणाऱ्या. इतकी वर्षं दोहात राहूनही त्या घरात जास्त करून अहिराणीत बोलायच्या आणि बाहेर शक्यतो बोलायच्याच नाहीत.

बऱ्याच वर्षांपूर्वी दोघं एका टूरबरोबर गेले होते. आयर्लंडला दोनच मुक्काम होते, पुढं स्कॉटलंड. पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावर जुना दगडी किल्ला आहे. तो बघून उतरताना वहिनींचा पाय दगडावरून सटकला आणि घोटा नारळाएवढा सुजला. बोटीतून परत आणलं तेव्हा त्यांना पाय टेकवता येईना. धक्क्यापाशी गाव ते हेच, बॅलिनादूर. टूरची बस हॉर्न वाजवत होती. धक्क्याजवळच्या घरातून एक उंच, हाडकुळी बाई बाहेर आली. ती ब्रीड. विधवा होती, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. तिनं वहिनींचा पाय मांडीवर घेतला, बघितला आणि टूरच्या मॅनेजरला सांगितलं, "ही कुठंही जाणार नाही."

"मी चिडलो होतो हं," सर म्हणायचे. "स्कॉटलंड बुडालं म्हणून."

"चिडला नव्हतात. तोंड पाडून बसला होतात," वहिनी म्हणायच्या.

सूज उतरेपर्यंत ते तिथं राहिले. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ब्रीडनं पाव करायला ताक काढलं. आपल्यासारखंच ताक, घरच्या गाईचं. वहिनी लंगडत चुलीपाशी गेल्या आणि खुणा करून त्यांनी ते भांडं मागितलं. बॅगेत हळद, जिरं, हिंग होतंच. ब्रीडच्या स्वयंपाकघरात कढी झाली. ब्रीड ती कपातून प्यायली आणि तिनं पुन्हा कप पुढं केला. मग तिनं वहिनींना ताक आणि सोडा घालून करायचा तिचा पाव शिकवला. पाय बरा झाल्यावर दोघी मिळून रानात गेल्या. तिथली माणसं दलदलीतली काळी माती विटांसारखी कापतात, वाळवतात आणि चुलीत जाळतात. ती रचायचं काम बायकांचं.

"अहो, गोवऱ्याच त्या!" वहिनी सांगायच्या. "मी रचून दाखवल्या, आपल्याकडं रचतात तशा. ती बघतच राहिली."

"पण तुम्ही बोलायचात कशा?" माझ्या बायकोनं, अनघानं, एकदा विचारलं.

"मला इंग्रजी येत नाही, तिला अहिराणी येत नाही. भांडायला काही साधनच नव्हतं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे मिटले.

तेव्हापासून दरवर्षी बॅलिनादूर. सरांनी पुन्हा दुसरं काही बघितलं नाही. "आयर्लंड बघायचं नसतं रे, तिथं बसायचं असतं," असं ते म्हणायचे. एका वर्षी येताना त्यांनी तिथल्या मातीची एक वाळलेली वीट बॅगेत घालून आणली. दोहाच्या विमानतळावर कस्टमच्या पोऱ्यानं ती बाहेर काढली.

"व्हॉट इज धिस?"

"माती," सर म्हणाले.

"फॉर व्हॉट?"

"वासासाठी."

त्यानं वास घेतला, तोंड वाकडं केलं, साहेबाला दाखवली. साहेबानंही वास घेतला. दोघं अरबीत काही बोलले आणि शेवटी साहेब हात झटकत म्हणाला, "खलास, गो, गो." ती वीट सरांच्या शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी बसली. खास पाहुणा आला की सर तिचा नखाएवढा तुकडा काढून ऊद जाळायच्या धुपाटण्यात टाकायचे. पहिल्यांदा टाकला तेव्हा सगळ्या मजल्यावर धूर पसरला आणि इमारतीचा वॉचमन बादली घेऊन धावत आला. सरांनी त्यालाही बसवून तो वास दिला. तो बिचारा केरळचा. म्हणाला, "सर, हे तर घरच्या चुलीसारखं आहे." त्यावर सर इतके खूश झाले की त्याला जेवूनच जाऊ दिलं.

वहिनींचं काहीतरी बिनसतंय हे अनघाच्या लक्षात आधी आलं. उम्म सलाल मोहम्मदच्या बाजारात भाजी घेताना वहिनी एका दुकानापाशी थांबल्या आणि पिशवीकडं बघून म्हणाल्या, "हे कुणाचं?" मग एकदा कढीत मीठ पुन्हा पुन्हा पडलं. मग घराची किल्ली फ्रिजमध्ये सापडली. तपासण्या झाल्या. सरांनी मला प्लांटवर, पाइपाकडं बघत सांगितलं, "विसरण्याचा आजार आहे. वाढत जाणारा." आणि लगेच म्हणाले, "चल, पुढचा सांधा बघू."

त्यानंतर एका संध्याकाळी मी काही कामासाठी त्यांच्याकडं गेलो. दार उघडंच होतं. दोघं सोफ्यावर शेजारी बसले होते, टीव्ही बंद होता. सर म्हणत होते, "चल मालू, फिरून येऊ. ब्रीडच्या दारातून निघालो. डावीकडं काय?"

"धक्का," वहिनी म्हणाल्या.

"धक्क्यावर?"

"जाळी वाळत घातलीत. निळी."

"पुढं?"

"पुढं पोस्टाची हिरवी पेटी. मग चढ. मग विहीर, तिच्या झाडाला नवसाच्या चिंध्या बांधलेल्या. तुम्ही तिथं रुमाल बांधला होतात."

"आणि गाईचं नाव काय?"

"रोझी!" वहिनी हसल्या. "एवढंही लक्षात नाही तुमच्या?"

मी दारातच उभा राहिलो. दुपारी आपण काय जेवलो हे वहिनींना सांगता आलं नसतं, पण त्या गावातला रस्ता त्यांना पायाखालचा होता. ऑफिसात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत सर बॅलिनादूरचं इतकं का बोलतात याची आम्ही थट्टा करायचो. ती थट्टा त्या संध्याकाळनंतर मी केली नाही.

त्या उन्हाळ्यात सगळ्यांनी त्यांना सांगितलं, प्रवास नको. डॉक्टरांनी सांगितलं, नाशिकहून सरांच्या भावानं फोन करून सांगितलं. सरांनी ऐकलं नाही. मला म्हणाले, "तिथं पाय ठेवला की ती जागी होईल बघ. तुम्ही दोघं चला बरोबर. मला सोबत होईल." आमची मुलगी तेव्हा पुण्याला आजीकडं होती. आम्ही गेलो.

गाव सरांनी सांगितलं होतं तसंच होतं. राखाडी दगडांच्या कमरेएवढ्या भिंती, त्यांच्या मधे हिरवे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात एखादं गाढव किंवा दोन मेंढ्या. मागं बारा डोंगरांची रांग, ढगात डोकी घातलेली. गाडी ब्रीडच्या दारात थांबली. ब्रीड आता खूप म्हातारी झाली होती. ती काठी टाकून, दोन्ही हात पसरून पुढं आली.

वहिनी मागं सरकल्या. सरांच्या बाहीला धरून त्यांनी विचारलं, "ही कोण बाई?"

सरांनी ब्रीडचं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. रोझीचं विचारलं, कढीचं विचारलं. वहिनींनी घराकडं, धक्क्याकडं, निळ्या जाळ्यांकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. सर भिंतीपाशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण पाठीकडून एकदम लहान दिसला.

ब्रीडनं काठी उचलली. वहिनींपुढं हात केला आणि हळू इंग्रजीत म्हणाली, "मी ब्रीड. आत ये, चहा घेऊ." वहिनी गेल्या. त्यानंतर रोज सकाळी ब्रीड त्यांच्यापुढं तसाच हात करायची, स्वतःचं नाव सांगायची आणि चहाला घेऊन जायची. एकाही दिवशी ती कंटाळली नाही.

सरांनी आम्हाला सगळं दाखवलं, कारण दाखवायचं कबूल केलं होतं. बेटावरच्या किल्ल्यात नेलं. दगडाच्या अर्धगोल भिंती कड्यापर्यंत येतात आणि तिथंच संपतात, पुढं नुसती पोकळी आणि खाली समुद्र. सर तिथं पोटावर आडवे झाले, मलाही झोपायला लावलं आणि म्हणाले, "आता मान पुढं काढ. सावकाश." खालून लाटेचा आवाज छातीत आला. एका किनाऱ्यावर नेलं, तिथं वाळूच्या जागी पोवळ्याचे पांढरे तुकडे पसरले होते आणि चालताना तांदूळ तुडवल्यासारखं वाटत होतं. विहिरीवरच्या झाडाला अनघानं ओढणीची चिंधी बांधली. संध्याकाळी गावातल्या पबमध्ये शेतकरी, पोस्टमन, शाळेच्या बाई अशी मंडळी गोल बसून वाजवत होती. त्यांनी सरांना ओळखून गायला सांगितलं. सरांनी डोळे मिटून आईची जात्यावरची ओवी म्हटली. पबमध्ये कुणी ग्लाससुद्धा हलवला नाही.

रविवारी सकाळी धुकं होतं. ब्रीड चर्चला गेली होती, सर आणि मी धक्क्यावर होतो. वहिनी झोपल्या होत्या. अनघा घरातच होती, पण मागच्या दारानं वहिनी केव्हा गेल्या ते तिला कळलं नाही. आम्ही परतलो तेव्हा ती रस्त्यावर हाका मारत धावत होती.

त्या गावाच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, आणि दलदलीत काळ्या पाण्याची तळी. धुक्यात तळं पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.  छत्री तिथंच टाकून सर दलदलीच्या रस्त्याला लागले. अनघानं चर्चमध्ये जाऊन ब्रीडला गाठलं, आणि तिच्या सांगण्यावरून पाद्रीबाबांनी चर्चमधल्या सगळ्यांना बाहेर काढलं. रविवारचे चांगले कपडे घातलेली माणसं चिखलात उतरली. धुक्यातून सगळीकडून एकच हाक ऐकू येत होती, "माल्टी! माल्टी!" मीही त्या हाकांच्या मागं चिखलात उतरलो.

दुपार कलली तेव्हा धुकं विरलं आणि कुणीतरी लांबून हात केला. दलदलीच्या पार टोकाला, वाळत घातलेल्या त्या मातीच्या विटांच्या ढिगाला टेकून वहिनी बसल्या होत्या. अंगावर एक मळका पुरुषी कोट. शेजारी मार्टिन नावाचा म्हातारा शेतकरी नुसत्या सदऱ्यात कुडकुडत बसला होता. त्याच्याकडं फोन नव्हता. वहिनी उठायला तयार नव्हत्या, आणि त्यांना एकटं सोडून माणसं बोलवायला जाणं त्याला पटलं नाही. म्हणून तो सकाळपासून तिथंच होता.

सर धावत आले होते, पण जवळ आल्यावर त्यांनी चाल कमी केली. हळूच जाऊन ते वहिनींच्या दुसऱ्या बाजूला बसले.

"कथा जावानं शे मालू?" कुठं जायचंय, असं त्यांनी अहिराणीत विचारलं.

"सटाणाले," वहिनी म्हणाल्या. "बस येवाले टाईम शे. हाऊ भाऊ चांगला शे. मन्यासंगे थांबना."

मार्टिनला मी विचारलं, इतका वेळ काय केलंत? तो म्हणाला, "बोलत होतो. ती तिच्या भाषेत, मी माझ्या. तिनं बरंच सांगितलं." मग जरा लाजून म्हणाला, "मीही बरंच सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं असं." या माणसाला गावात अबोल मार्टिन म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं.

संध्याकाळी ब्रीडच्या चुलीपाशी वहिनी पाय शेकत बसल्या होत्या. सर ब्रीडला म्हणाले, "माझं चुकलं. मला वाटलं, इथं आणलं की तिला सगळं आठवेल."

ब्रीडनं चुलीत नवी वीट टाकली. म्हणाली, "आठवण्याची गरज तुला आहे. तिला चहा हवाय, ऊब हवीय, शेजारी माणूस हवाय. इथं तिला ते मिळतंय ना?"

 उरलेले दिवस सरांनी वहिनींना एकही प्रश्न विचारला नाही. गाईचं नाव नाही, रस्ता नाही. दोघं भिंतीवर बसायचे आणि गाढवाला गवत भरवायचे.

त्या हिवाळ्यात सर निवृत्त झाले. दोहात नोकरी संपली की राहण्याचा परवानाही संपतो, मग तुम्ही कितीही वर्षं काढलेली असोत. डॉक्टरांनी आता विमानाचा लांब प्रवास नको म्हणून निक्षून सांगितलं. नाशिकला भावाच्या शेजारी घर घेतलं होतं, तिथं जायचं ठरलं. सोफा गेला, शोकेस गेलं. वॉचमन दोघांच्या पाया पडला आणि मग जिन्यात जाऊन रडला. ब्रीडला सरांनी फोन करून सांगितलं, "आता येणं होणार नाही." पलीकडून ती काय म्हणाली ते सरांनी कधीच सांगितलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. सकाळीच सरांचा फोन आला, "गाडी घेऊन येतोस? मालूला समुद्र दाखवून आणू." आम्ही दोहाच्या उत्तरेला समैस्माला गेलो. वाटेतच धुकं लागलं. हिवाळ्यात इथं कधी कधी असं दाट धुकं उतरतं की समोरची गाडी दिसत नाही. किनाऱ्यावर पोचलो तर मागचे बंगलेही पुसले गेले होते. ओहोटी होती. ओली वाळू, एक-दोन मचवे, आणि त्यापुढं सगळं पांढरं.

वहिनी सरांच्या हाताला धरून चालत होत्या. मी मागं होतो. मधेच त्या थांबल्या, त्यांनी मान वर करून हवेचा वास घेतला. कितीतरी महिन्यांनी त्यांचे डोळे हसून मिटलेले मी बघितले.

"आलो की हो आपण," त्या म्हणाल्या.

"कुठं?" सरांनी विचारलं.

"असं काय करता? ब्रीडकडं." त्यांनी धुक्यात बोट दाखवलं. "ते काय तिचं घर. हाक मारा ना तिला. आपण आलोय हे तिला कसं कळणार?"

सर उभेच राहिले.  मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि समुद्राकडं तोंड करून, सटाण्याच्या शिवारात मारावी तशी मोठ्यानं हाक मारली, "ब्रीड! अगं ए ब्रीड!"

काही वेळ नुसतं पाणी वाजत होतं. मग मचव्यांच्या बाजूनं, धुक्यातून, कुणीतरी ओ दिली. जाळी आवरणारा कुणी कोळी असेल, बंगाली नाहीतर केरळी. त्याला वाटलं असेल, आपल्यालाच हाक मारली.

"आहे, आहे घरात," वहिनी म्हणाल्या आणि पुढं निघाल्या. पावलं भराभर पडत होती. सर त्यांचा हात न सोडता त्यांच्याबरोबर चालू लागले. मी जागच्या जागी थांबलो. आधी वहिनी दिसेनाशा झाल्या, मग सरांची ती रुंद पाठ, आणि मग ओल्या वाळूवर नुसता त्यांच्या बोलण्याचा आवाज उरला. दोघं अहिराणीत बोलत होते.